ताई, मोळी किती किलोची असते?

पत्र: डॉक्टर मॅडम, हे पत्र मी मुलीकडून लिहून घेते आहे. ती नववीत आहे. आम्ही बीड जिल्ह्यातले, वडवणी तालुक्यातले. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जातो. माझं वय ४१. सहा वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढली. तेव्हा टाक्यात पू झाला होता, वीस दिवस ड्रेसिंग चाललं. दोन महिन्यांत परत उसाच्या फडावर गेले. दोन वर्षांपासून बेंबीच्या खाली टाक्यावर गाठ येते. आधी लिंबाएवढी होती, आता मोसंबीएवढी झाली. झोपलं की आत जाते, उसाची मोळी उचलली की बाहेर येते. गावातल्या एकाने बिब्बा घातला, कातडी भाजली, गाठ तशीच. फेब्रुवारीत फडावर एका रात्री गाठ कडक झाली, आत जाईना, दोन उलट्या झाल्या. पहाटे आपोआप बसली. तालुक्याच्या दवाखान्यात हर्निया सांगितला, जाळी टाकावी लागेल, ९० हजार लागतील म्हणाले. बाजाराच्या दिवशी हर्नियाचे एक स्पेशालिस्ट येतात. ते म्हणतात, ऑपरेशन नको, तीन इंजेक्शनांत गाठ विरघळते, बारा हजार घेतात. आम्हाला तोडीला नेणाऱ्या मुकादमाकडून एक लाख उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, घेतली आहे, त्यातून घरावर पत्रे टाकले. मालक, म्हणजे माझा नवरा, म्हणतात, यंदाचा पट्टा पडल्यावर, तोडीचा हंगाम संपल्यावर बघू. कोणत्या स्पेशालिस्टकडे जाऊ? तोवर थांबता येईल का? ऑपरेशन झाल्यावर मोळी उचलता येईल का?

उत्तर:

ताई,

तुमचे तिन्ही प्रश्न घेते, पण तुम्ही ज्याबद्दल काहीच विचारलं नाही तिथून सुरुवात करते. फेब्रुवारीतली ती रात्र. तुम्ही ती एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी सर्जन आहे, मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांत माझी सगळी नोकरी गेली, आणि त्या ओळीपाशी मी थांबले.

त्या रात्री तुमचं आतडं टाक्याच्या भोकात अडकलं होतं. म्हणून गाठ कडक झाली, म्हणून उलट्या झाल्या. पहाटे ते सुटलं. तसं नेहमी सुटतंच असं नाही. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत तेवढा भाग काळा पडतो, सडतो. मग जाळी टाकून घरी जायचं साधं ऑपरेशन राहत नाही. आतडं कापून जोडावं लागतं, आणि तिथे जिवाची बाजी असते.

म्हणून हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. गाठ दगडासारखी कडक झाली, आडवं झाल्यावर आत जाईना, पोटात कळा आल्या, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना, पोट फुगलं, गाठीवरची कातडी लाल किंवा काळसर दिसू लागली, तर त्यातलं सगळं होण्याची वाट बघायची नाही. दोन गोष्टी दिसल्या की निघायचं. गाठ जोराने दाबायची नाही, तेल लावून चोळायची नाही, शेकायची नाही. पाणीसुद्धा प्यायचं नाही. १०८ ला फोन करायचा, आणि जिथे सर्जन आहे अशा मोठ्या दवाखान्यातच जायचं. गोळी घेऊन सकाळपर्यंत बघू, असं कुणी म्हटलं तर त्याचं ऐकायचं नाही.

म्हणजे पट्टा पडेपर्यंत थांबता येईल का, याचं उत्तर तुम्हाला मिळालंच. थांबू नका. जांघेतला हर्निया असतो, पुरुषांत फार दिसतो, त्यात त्रास नसेल तर तपासणी करत काही काळ थांबायला आम्ही सांगतो. तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमचा हर्निया जुन्या ऑपरेशनच्या टाक्यातला आहे, दोन वर्षांत लिंबाचा मोसंबीएवढा झालाय आणि एकदा अडकून झालाय. हे घेऊन सहा महिने फडावर काढायचे, कोपीच्या झोपडीत राहायचं, दवाखाना किती कोसांवर आहे ते ठाऊक नाही, आणि रोज डोक्यावर मोळ्या. तुम्हाला मी तसं जाऊ देऊ शकत नाही.

आता हे झालं कशाने ते सांगते, कारण ते कळलं की इंजेक्शनवाल्याचं उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

सोयाबीनचं पोतं भरून तुम्ही सुतळीने शिवता. शिवणीतला एक टाका सुटला की पोतं उचलताना दाणे तिथूनच डोकावतात. पोतं आडवं ठेवलं की आत जातात. पोटाचं तसंच आहे. कातडीच्या आणि चरबीच्या खाली एक चिवट पांढरा पडदा असतो, आतडी त्याने आत धरलेली असतात. ऑपरेशनमध्ये तो कापतात आणि शेवटी शिवतात. वरची कातडी आठ-दहा दिवसांत जुळते, टाके निघतात, आणि बाईला वाटतं झालं सगळं. आतला पडदा मात्र फार सावकाश भरून येतो. तीन आठवड्यांनी त्याची ताकद पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असते. तीन महिन्यांनी ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते, आणि पूर्वीइतकी ती कधीच होत नाही. जखमेत पू झाला तर तेवढंही जमत नाही. टाक्यावर हर्निया होण्याचं सगळ्यात मोठं कारण पूच. तुमच्या जखमेत वीस दिवस पू होता, आणि दोन महिन्यांत त्या ओल्या शिवणीवर मोळीचा भार आला.

यात तुमची चूक नाही, आणि तुम्ही एकट्याही नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. त्या वेळी चर्चा गर्भपिशवीची झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण पोटावर टाके घेऊन परत फडावर उभ्या राहिलेल्या बायांच्या त्या टाक्यांचं पुढे काय झालं, हे कुणी मोजलं नाही. माझ्या ओपीडीत त्या यायच्या. लुगड्याची गाठ सैल करून हळूच गोळा दाखवायच्या आणि म्हणायच्या, बाई, हे दुखत नाही, नुसतं ओघळतं.

तर ताई, गाठ दिसते, पण ती गाठ नाही. ते भोक आहे, आणि त्यातून तुमचंच आतडं किंवा आतली चरबी कातडीखाली येते. इंजेक्शनाने विरघळायला तिथे काही नाहीच. उसवलेल्या पोत्याच्या दाण्यांना औषध लावून शिवण जुळत नाही. उलट त्या सुईखाली आतडं असू शकतं. आतड्याला भोक पडलं तर आतली घाण पोटात पसरते, आणि ते अडकण्यापेक्षाही वाईट. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या माणसाला बारा हजार देऊ नका, बारा रुपयेही देऊ नका. खरंच कुणाला पारखायचं असेल तर एवढंच विचारा: तुमची पदवी काय, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, आणि इंजेक्शनानंतर रात्री त्रास झाला तर तुम्ही कुठे सापडाल?

बिब्ब्याचंही सांगते. भाजलेली कातडी पूर्ण बरी झाल्याशिवाय कुठलाही चांगला सर्जन तिथे जाळी घालणार नाही, कारण जाळीला पू लागला तर ती काढावी लागते. जखम ओली असेल तर आधी ती दाखवा. नवीन काही लावू नका. पोटाचा पट्टा मिळतो तो ऑपरेशनपर्यंत उठताबसता थोडा आधार देईल, पण भोक त्याने बुजत नाही. पट्टा बांधला म्हणून जड उचलायला मोकळीक मिळाली, असं समजू नका.

कोणत्या स्पेशालिस्टकडे जाऊ, हा तुमचा प्रश्न. हर्नियाचा स्पेशालिस्ट म्हणजे जनरल सर्जन, एम.एस. झालेला. त्यासाठी पुणे-मुंबई गाठायची गरज नाही. तुमच्यासाठी बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्याला सगळे स्वाराती म्हणतात, आणि त्यापुढे संभाजीनगरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे घाटी आहे. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. माझं मत विचाराल तर तुमच्यासारख्या टाक्यातल्या, एकदा अडकलेल्या हर्नियासाठी मी वैद्यकीय महाविद्यालय निवडेन. तिथे भूलतज्ज्ञ चोवीस तास असतात, रक्त मिळतं, आणि असे हर्निया रोज होतात. गर्दी असते, दोन-तीन चकरा होतात, बाकावर बसावं लागतं, हे खरं आहे. चकरांना कंटाळून परत फिरू नका.

खासगीत करायचंच असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेला दवाखाना बघा. दवाखान्याच्या दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला विचारा, माझं हे ऑपरेशन या दवाखान्यात योजनेत बसतं का, आणि जाळीचे पैसे त्यातच येतात का. हो म्हणाला तर त्यालाच कागद भरायला लावा. फोनवर विचारायचं असेल तर १५५३८८ हा योजनेचा क्रमांक आहे. या दोन गोष्टी विचारल्याशिवाय ९० हजारांचं कर्ज काढू नका.

सर्जन चांगला आहे हे ओळखायचं कसं? तो तुम्हाला आधी उभं करून खोकायला लावेल आणि मग आडवं करून डोकं उचलायला सांगेल. भोकाची कड बोटाने चाचपेल, कारण वरच्या फुगवट्यापेक्षा त्या भोकाचं तोंड किती रुंद आहे हे महत्त्वाचं असतं. तोंड अरुंद असेल तर अडकण्याची भीती जास्त. सोनोग्राफी किंवा सिटी स्कॅन करून भोक एक आहे की दोन, हे बघेल. जुन्या टाक्यावर पुष्कळदा मोठ्या भोकाच्या शेजारी एक बारीक भोक लपलेलं असतं. रक्त किती, साखर आहे का, जुना खोकला आहे का, शौचाला जोर करावा लागतो का, लघवी अडखळते का, हे विचारेल. ऊसतोडीच्या बायांचं रक्त बहुतेक वेळा कमी निघतं. तसं निघालं तर आधी ते भरून काढतील. घाई करू नका, पण तारीखही सोडू नका. आणि तुम्ही मिश्री लावत असाल तर आजपासून बंद करा. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, आणि ऐन वेळी खोकला उठला तर नव्या टाक्यांवर ताण येतो. मला माहीत आहे, फडावर पहाटे तीनला उठून उभं राहायचं तर मिश्रीच आधाराला असते. तरी सोडा.

जाळीबद्दल तुमच्या मनात भीती असेल. पोटात प्लास्टिक कशाला, नुसते टाके घालून भागणार नाही का, असं मला पुष्कळ जणी विचारायच्या. नेदरलँड्समध्ये टाक्यातल्या हर्नियाचे दोन गट करून पाहिलं होतं, एका गटाला नुसतं शिवलं, दुसऱ्याला जाळी घातली. दहा वर्षांनी नुसतं शिवलेल्या शंभरातल्या ६३ जणांचा हर्निया परतला होता, जाळीवाल्यांत ३२ जणांचा. म्हणून तुमच्यासारख्या हर्नियात जाळी हवीच. भोक आणि दवाखान्याची सोय बघून ती उघड ऑपरेशनने बसवायची की दुर्बिणीने, हे सर्जन ठरवेल. दुर्बिणीचंच करा, असा हट्ट धरू नका.

आणि जाळी महागडी, परदेशी हवी, असंही नाही. आपल्या शेजारच्या खानदेशात, धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्यात, डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड हर्नियाला जाळी म्हणून वापरलं आणि २००३ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. गरीब माणसाचं ऑपरेशन जाळीच्या किमतीपायी अडू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. पुढे युगांडात जांघेच्या हर्नियाच्या तीनशे पुरुषांवर तशी स्वस्त जाळी आणि कंपनीची महाग जाळी ताडून पाहिली. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आला, वर्षभरानंतर दोन्हीत फरक नव्हता. हे मी मच्छरदाणी मागा म्हणून सांगत नाही. ते काम विशिष्ट कापडावर, नीट निर्जंतुक करून, मुख्यतः जांघेच्या हर्नियासाठी झालं होतं. आज आपल्याकडे साधी पॉलिप्रॉपिलिनची जाळी मिळते, सरकारी दवाखान्यांत तीच वापरतात, आणि ती तुम्हाला पुरेशी आहे. ९० हजारांत परदेशी जाळीचा मोठा वाटा असेल तर सर्जनला सरळ विचारा, साधी जाळी मला का चालणार नाही?

पण वरचा दुसरा आकडा पुन्हा बघा. जाळी घालूनही शंभरातल्या ३२ जणांचा हर्निया परतला. त्याची कारणं बरीच असतात. माझ्या समोर मात्र एक कारण वारंवार आलं, आणि त्यासाठीच हे एवढं लांब उत्तर लिहिते आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी केज भागातल्या एका बाईचा असाच टाक्यातला हर्निया मी शिवला. जाळी नीट बसली, जखम कोरडी राहिली, सातव्या दिवशी ती घरी गेली. जाताना मी सगळ्यांना सांगते तेच तिला सांगितलं, जड उचलू नका. दहा महिन्यांनी ती परत आली, गोळा आधीपेक्षा मोठा. पुन्हा पोट उघडलं तेव्हा जाळी एका कडेने सुटून पानाच्या विड्यासारखी गुंडाळली गेली होती. मला राग आला होता, हे कबूल करते. शुद्धीवर आल्यावर मी तिला विचारलं, मी काय सांगितलं होतं? ती म्हणाली, "जड उचलू नको म्हणलात ना बाई, मग मी मोठी मोळी नाही उचलली. बारकीच उचलली."

बारकी म्हणजे किती, विचारलं तर तिने हाताने दाखवलं. तिचा नवरा दारात उभा होता, तो म्हणाला, वीस-पंचवीस किलो असंल.

तिने माझं ऐकलं होतं, ताई. जी बाई रोज पस्तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, तिच्या लेखी वीस किलो हलकंच. मी कधी विचारलंच नव्हतं की बाई, तू दिवसभर उचलतेस काय, त्याचं वजन किती, आणि घरी गेल्यावर ते कोण उचलणार. ती चूक माझी होती. त्यानंतर मी ओपीडीत टेबलाखाली स्टीलची एक कळशी ठेवली. आतून चार लिटरच्या जागी नेलपॉलिशची रेघ ओढली. पाणी आणि कळशी मिळून पाच किलो होतात. घरी जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या नातेवाइकाला ती हातात घ्यायला लावायची आणि सांगायची, सहा आठवडे हिने यापेक्षा जड काही उचलायचं नाही. बहुतेक नवरे कळशी उचलून चकित व्हायचे. एवढंच?

एवढंच. भरलेली मोठी घागर पंधरा किलोच्या घरात जाते. गॅसची भरलेली टाकी तीस किलोची. तीन वर्षांचं लेकरू बारा-तेरा किलोचं. म्हणजे सहा आठवडे पाणी शेंदायचं नाही, हंडा कमरेवर घ्यायचा नाही, जळणाचा भारा नाही, दळणाचा डबा नाही, लेकराला कडेवर घ्यायचं नाही. चालायचं मात्र दुसऱ्या दिवसापासून, जितकं जमेल तितकं. पुढे तीन महिने पूर्ण होईपर्यंत दहा किलोच्या आत. त्यानंतर घरकाम, खुरपणी, कापूस वेचणी हळूहळू. ही मोजमापं साधारण आहेत, तुमच्या पोटाचं भोक बघून तुमचा सर्जन यात कमी-जास्त करील, आणि त्याचा शब्द शेवटचा. पण तो नुसतं जड उचलू नका म्हणाला तर तिथेच थांबा आणि विचारा, साहेब, आमची मोळी पस्तीस किलोची असते, मी किती किलो आणि किती महिन्यांनी उचलू? ते चिठ्ठीवर लिहून घ्या.

ऑपरेशनानंतर अंथरुणातून सरळ उठू नका. आधी कुशीवर व्हा, पाय खाली सोडा, मग हाताचा रेटा देऊन बसा. खोकला आला की उशी दोन्ही हातांनी पोटावर घट्ट धरा. शौचाला जोर लागू नये म्हणून पाणी भरपूर प्या, भाकरीबरोबर पालेभाजी खा, गरज पडली तर इसबगोल घ्या. काही जणींना टाक्याखाली पाणी साचून पुन्हा गोळा दिसतो, तेव्हा हर्निया परत आला म्हणून घाबरतात. बहुतेक वेळा ते आपोआप जिरतं. गावात कुणाला सुई घालून काढू देऊ नका, सर्जनला दाखवा. ताप आला किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मागच्या वेळी वीस दिवस पू होता, हे ऑपरेशनच्या आधीच सर्जनच्या कानावर घाला.

राहिली मोळी. हिशेब करू. श्रावणात तुमचं पत्र आलं. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात ऑपरेशन झालं तर तीन महिने डिसेंबरापर्यंत जातात आणि सहा महिने फेब्रुवारी-मार्चपर्यंत. म्हणजे यंदाचा पट्टा तुमच्यासाठी गेला. हे लिहिताना मला माहीत आहे की मी तुमच्या घरातून अर्धा कोयता, म्हणजे तोडीच्या जोडीतलं एक माणूस, काढून घेते आहे, आणि डोक्यावर एक लाखाची उचल आहे. पुढच्या वर्षी सर्जनने होकार दिला तर ऊस तोडणं, मोळी बांधणं होईल. डोक्यावर मोळी घेऊन फळी चढणं मात्र तुम्ही पुन्हा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते दुसऱ्या कुणी करावं.

मालकांशी बोलताना रडून बोलू नका, हिशेबाने बोला. फडावर अडकलं तर तिकडच्या दवाखान्यात आतडं कापायचं ऑपरेशन होईल, दोघांचेही खाडे पडतील, लेकरं कोपीत राहतील, आणि उचल तशीच राहील. आता केलं तर दसऱ्याआधी, ते घरी असताना, पहिले आणि सगळ्यात अवघड आठवडे निघून जातील. पाणी त्यांना भरू द्या. नववीतल्या पोरीवर सगळ्या घागरी टाकू नका. तिची शाळा आहे, आणि तुम्ही घरी राहिलात तर तिची शाळाही अखंड चालेल. मालक फडावर गेल्यावर माहेरचं कुणी महिनाभर येऊन राहतं का, ते आत्ताच विचारून ठेवा.

मुकादमाकडे ऑपरेशनच्या आधी जा, नंतर नको. सर्जनकडून लेटरहेडवर लिहून घ्या की अमुक आजार आहे, अमुक महिने वजन उचलायचं नाही. गावातली दोन-चार जाणती माणसं बरोबर घ्या. मालकांनी भाऊ किंवा भाचा जोडीला घेऊन कोयता पूर्ण करायचा, किंवा मालकांनी एकट्याने अर्धा कोयता करायचा आणि राहिलेली उचल पुढच्या सालात फिरवायची, यातलं काय जमतं ते चार माणसांसमोर ठरवा आणि कागदावर घ्या. बरेच मुकादम ऐकतात, त्यांच्याही घरी बाया आहेत. कुणी धमकी देऊ लागला तर हेही माहीत असू द्या: उचलीच्या बदल्यात माणसाला बळजबरीने कामाला नेणं १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हा आहे, आणि तहसीलदाराकडे तक्रार करता येते. तिथवर जावं लागू नये, अशीच माझी इच्छा आहे.

आता या आठवड्यातलं काम. सोमवारी सकाळी नऊच्या आत ओपीडीत पोहोचा. आधार, रेशनकार्ड, गर्भपिशवीच्या ऑपरेशनचा डिस्चार्जचा कागद सापडला तर तो, आणि तालुक्यातल्या दवाखान्याने दिलेली चिठ्ठी. जुना कागद नसला तरी जा. मालकांना बरोबर न्या. सर्जनला फेब्रुवारीतल्या रात्रीचं पहिल्या वाक्यात सांगा, कडक झाली, आत जाईना, दोन उलट्या झाल्या. हे ऐकल्यावर कुठलाही सर्जन तुम्हाला सहा महिन्यांनंतरची तारीख देणार नाही.

आणि मुलीला म्हणावं, तुझं अक्षर फार सुंदर आहे. तिच्याकडून घरातल्या कळशीत चार लिटर पाणी मोजून घ्या आणि जिथवर येईल तिथे आतून नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवा.